पराभवांनी घडवलेला मसीहा

दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक हेगेसिपस याने एक हकिगत लिहून ठेवली होती. त्याचे ग्रंथ आज उरलेले नाहीत; पण चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप युसेबियस याने मंडळीचा इतिहास लिहिताना ती उतरवून घेतली, म्हणून ती टिकली. सम्राट डोमिशियनच्या काळात (इ.स. ८१ ते ९६) येशूचा भाऊ यहूदा याच्या दोन नातवांना दावीद राजाचे वंशज म्हणून पकडून सम्राटापुढे उभे करण्यात आले. तुम्ही दावीदाच्या कुळातले का, असे त्यांना विचारले गेले. त्यांनी होकार दिला. मालमत्ता किती, तर दोघांची मिळून नऊ हजार दिनारांची. तीही रोकड नव्हे, एकोणचाळीस प्लेथ्रा जमीन. ती ते स्वतः कसत, तिच्यावर पोट भरत आणि सरकारचा सारा देत. मग त्यांनी आपले हात पुढे केले. तळहातांवर घट्टे होते. ख्रिस्ताचे राज्य म्हणजे काय, कुठे आणि कधी, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की ते स्वर्गातले राज्य आहे आणि युगाच्या शेवटी प्रकट होईल. सम्राटाने त्यांना क्षुद्र माणसे समजून सोडून दिले. भक्तिभावाने या हकिगतीवर काही पुटे चढली असतील. तरी दोन गोष्टी तिच्यात सहज दिसतात. दावीदाचे रक्त ही रोमच्या दृष्टीने बंदोबस्ताची बाब होती. आणि ज्यांच्या घराण्यातून राजा येणार असे लोक म्हणत, त्या शेतकऱ्यांनी ते राज्य आजच्या जगातून उचलून काळाच्या पार टोकाला नेऊन ठेवले होते.

हे राज्य तिथवर कसे सरकले, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याचे एक सोपे उत्तर फार दिवस चालत आले आहे. यहुदी लोक तलवार घेऊन येणाऱ्या राजाची वाट पाहत होते, प्रत्यक्षात आला तो नम्र आणि दुःख सोसणारा, म्हणून त्यांनी त्याला ओळखले नाही. प्रवचनांतून आणि लोकप्रिय पुस्तकांतून हे इतक्या वेळा सांगितले गेले आहे की ते इतिहासच वाटते. या कथेने यहुद्यांवर आंधळेपणाचा शिक्का मारला आणि त्या शिक्क्याची किंमत युरोपातल्या यहुदी वस्त्यांनी शतकानुशतके रक्ताने चुकवली. म्हणून ती खरी आहे का, हे तपासणे आपले कर्तव्य ठरते. माझ्या मते ती दोन्ही अंगांनी चुकीची आहे. यहुद्यांपाशी मसीहाविषयी एकच ठरलेली अपेक्षा कधी नव्हती, आणि ख्रिस्ती लोकांपाशी दुःख सोसणाऱ्या मसीहाची शिकवण तयार होऊन आलेली नव्हती. दोन्ही समाजांचा मसीहा रोमच्या राजवटीत, एकामागून एक झालेल्या पराभवांच्या दाबाखाली घडत गेला. ते दोघे एकाच दुःखाची दोन अपत्ये आहेत.

आधी शब्द पाहू. हिब्रूतला ‘माशीआह’ म्हणजे तेलाने अभिषेक झालेला. ग्रीकमध्ये त्याचेच ‘ख्रिस्तोस’ झाले आणि आपल्याकडे ‘ख्रिस्त’. हिब्रू शास्त्रात हा शब्द चाळीसच्या आसपास वेळा येतो, आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी तो जिवंत, हयात असलेल्या माणसासाठी आहे: शौल राजा, दावीद, मुख्य याजक. यशयाच्या ग्रंथात तर पर्शियाचा राजा कोरेश याला देवाचा अभिषिक्त म्हटले आहे, आणि तो यहुदीही नव्हता. युगाच्या शेवटी येणारा तारणारा, या अर्थाची ती पदवी तिथे अजून झालेली नाही. यावर कोणी म्हणेल की शब्द नसला तरी आशा होती. नाथान संदेष्ट्याने दावीदाला त्याच्या गादीचे कायमचे वचन दिले होते आणि बाबेलने इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेम पाडल्यापासून लोक त्या वचनाकडे डोळे लावून होते. वचन होते, यात शंका नाही. पण ठेवून दिलेले बियाणे आणि उभे पीक यांत फरक असतो. इ.स.पू. १६७ मध्ये अंतियुखस चौथा याने मंदिर विटाळले, तेव्हा आशेला याहून कठीण प्रसंग कोणता असणार? त्या वेळी मक्काबी बंधू लढले, ते याजक घराण्यातले होते. त्याच धामधुमीत दानीएलाच्या ग्रंथाला आजचे रूप आले. त्यातला मेघांवरून येणारा मानवपुत्र दावीदाचा वंशज असल्याचे तिथे कुठेही म्हटलेले नाही. पुढे मक्काबींचे वंशज, म्हणजे हास्मोनी, आधी मुख्य याजक झाले आणि इ.स.पू. १०४ च्या सुमारास राजेही झाले. ज्या समाजाचा श्वास दावीदाच्या पुत्रात अडकला होता असे आपण समजतो, त्याने दावीदाच्या गादीवर लेवी कुळातले राजे दोन पिढ्या बसू दिले.

ती आशा जागी झाली ती इ.स.पू. ६३ मध्ये. हिर्कानस आणि अरिस्तोबुलस या दोन हास्मोनी भावांचे गादीवरून भांडण पेटले, दोघांनीही रोमचा सेनापती पॉम्पी याच्याकडे दाद मागितली, आणि निवाडा करायला आलेला पाहुणा घराचा मालक झाला. तीन महिन्यांच्या वेढ्यानंतर तो मंदिरात शिरला आणि जिथे मुख्य याजकाने वर्षातून एकच दिवस जायचे त्या परमपवित्र स्थानात जाऊन उभा राहिला. त्याने खजिन्याला हात लावला नाही, असे यहुदी इतिहासकार जोसेफस नोंदवतो. पण त्या पावलांचा घाव खजिना लुटण्याहून खोल गेला. या घावातून ‘शलमोनाची स्तोत्रे’ नावाचा अठरा स्तोत्रांचा संग्रह निघाला. त्यातल्या एका स्तोत्रात मिसरच्या किनाऱ्यावर मारल्या गेलेल्या, प्रेताला मूठमाती न मिळालेल्या उद्दाम विजेत्याचा उल्लेख आहे, पॉम्पी इ.स.पू. ४८ मध्ये तसाच मेला. सतराव्या स्तोत्राचा क्रम लक्ष देऊन पाहण्यासारखा आहे. आधी तक्रार आपल्याच लोकांविरुद्ध: ज्यांना वचन दिलेले नव्हते त्यांनी दावीदाचे सिंहासन बळकावले. मग त्यांना शिक्षा म्हणून परका आला. आणि त्यानंतर प्रार्थना, की देवा, दावीदाचा पुत्र उभा कर. ‘अभिषिक्त’ आणि ‘दावीदाचा पुत्र’ हे दोन शब्द येणाऱ्या राजासाठी एकत्र बांधलेले इतके स्पष्ट आपल्याला याआधी कुठे मिळत नाहीत. हा राजा परक्यांना यरुशलेमातून हुसकावतो खरा, पण घोडे, स्वार आणि धनुष्य यांवर तो भिस्त ठेवत नाही, युद्धासाठी सोने-रुपे साठवत नाही. तोंडच्या शब्दाने शत्रूला नमवतो. रोमच्या लष्करी बळाचे दर्शन झालेल्या पिढीने हे लिहिले आहे, हे विसरता कामा नये. तलवारीचा मसीहा आणि शब्दाचा मसीहा ही विभागणी ख्रिस्ताच्या जन्माआधीच, एकाच यहुदी स्तोत्रात, एकमेकांत मिसळून गेलेली आहे.

आणि हे एक चित्र झाले. मृत समुद्राकाठच्या कुमरान इथल्या गुहांमध्ये १९४७ पासून जी चर्मपत्रे हाती लागली, त्यांतल्या पंथाच्या नियमावलीत एक संदेष्टा आणि ‘अहरोनाचा व इस्राएलाचा’ असे दोन अभिषिक्त अपेक्षिलेले आहेत, एक याजक आणि एक राजा. पंथाच्या भावी भोजनाचे वर्णन आहे तिथे पहिला मान याजकाचा. सदूकी या यहुदी पंथाच्या विचारात मसीहाला जागा दिसत नाही. काही लेखनांत माणूस नाहीच, देव स्वतः येऊन न्याय करतो. इतकी वेगवेगळी चित्रे समोर असताना ‘यहुद्यांची अपेक्षा’ असे एकवचनात बोलणे हाच मुळात गैरसमज आहे.

हेरोद राजा इ.स.पू. ४ मध्ये वारला आणि देशभर आग लागली. गालीलात यहूदा नावाच्या बंडखोराने सेप्फोरिसच्या शस्त्रागारावर धाड घातली. यार्देनेपलीकडे शिमोन या हेरोदाच्याच एका धिप्पाड दासाने डोक्यावर मुकुट चढवला. यहूदियात अथ्रोंगेस नावाचा मेंढपाळ राजा म्हणवून घेऊ लागला आणि चार भावांना हाताशी धरून रोमन तुकड्यांवर छापे घालू लागला. अंगाने दांडगा, मेंढरे राखणारा, कुळाचे नाव नसलेला राजा: दावीदाची गोष्ट ज्यांना पाठ होती, त्यांना या माणसांत काय दिसले असेल हे समजणे अवघड नाही. सिरियाचा सुभेदार वारुस फौजा घेऊन उतरला, सेप्फोरिस जाळून तिथल्या लोकांना गुलाम केले, आणि दोन हजार माणसे वधस्तंभांवर चढवली. सेप्फोरिसपासून नासरेथ तासाभराच्या चालीवर आहे. दहा वर्षांनी, इ.स. ६ मध्ये, रोमने यहूदिया थेट ताब्यात घेऊन शिरगणती केली, तेव्हा यहूदा गालीली उठला. त्याचे म्हणणे एवढेच की देवावाचून दुसरा धनी नाही. राजा होण्याची भाषा त्याने केल्याचे दिसत नाही. चाळीस-पन्नास वर्षांनी थुदास लोकांना यार्देनेकाठी घेऊन गेला, कारण त्याच्या शब्दाने नदी दुभंगणार होती. त्याचे शीर कापून यरुशलेमला आणले गेले. मिसरहून आलेल्या एका संदेष्ट्याने जैतुनांच्या डोंगरावर जमाव नेला, शहराचे तट आपल्या आज्ञेने पडतील म्हणून. त्याचे अनुयायी जोसेफसच्या हिशेबाने तीस हजार, प्रेषितांच्या कृत्यांनुसार चार हजार. राजा, देवाचा एकनिष्ठ सेवक, मोशे, यहोशवा: प्रत्येक वेळी जुन्या गोष्टीतले वेगळे पान उघडलेले दिसते.

इथे दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की या उठावांची कारणे पोटाची होती, कर, कर्ज, जमीन हातची जाणे. धर्माची भाषा वरवरची. पुरावा या बाजूलाही आहे. इ.स. ६६ मध्ये यरुशलेमातल्या बंडखोरांनी सावकारांचे कर्जरोखे ठेवलेले दप्तर जाळले, असे जोसेफस सांगतो, आणि त्या बंडाची ठिणगीही सुभेदार फ्लोरुसने मंदिराच्या तिजोरीतून सतरा तालांत उचलल्याने पडली. पण कर्जाने पिचलेले शेतकरी साम्राज्यात सगळीकडे होते. ते सगळेच नदी दुभंगेल या विश्वासाने घर सोडून निघाले नाहीत. भूक माणसाला उठवते. उठून कोणत्या दिशेने चालायचे हे त्याच्या मनात आधीपासून असलेली गोष्ट ठरवते. दुसरा आक्षेप असा की जोसेफस या बंडखोरांपैकी एकालाही ‘ख्रिस्तोस’ म्हणत नाही, मग त्यांना मसीहाच्या यादीत का घालायचे? पण जोसेफस कोण होता ते आठवावे. गालीलात रोमशी लढलेला, शरण आलेला, आणि पुढे रोममध्ये फ्लेवियन सम्राटांच्या आश्रयाने लिहिणारा. त्याला आपल्या लोकांची आशा रोमन वाचकापासून झाकायची होती. तरीही तो एके ठिकाणी मान्य करतो की त्यांना युद्धाकडे सर्वांत जास्त ढकलले ते पवित्र लेखनातल्या एका भविष्याने, की या देशातून कोणी एक जगाचा राज्यकर्ता होईल. मग तो स्वतः त्या भविष्याचा अर्थ रोमन सेनापती व्हेस्पासियनकडे वळवतो, कारण त्याला यहूदियात असतानाच सम्राट घोषित केले गेले. टॅसिटस आणि स्युटोनियस या रोमन इतिहासकारांनीही तेच भविष्य आणि तोच अर्थ नोंदवला. ही आशा वरवरची असती तर रोमला ती आपल्या सम्राटाच्या नावावर करून घ्यायची गरज पडली नसती.

या सगळ्यांच्या मध्ये, पंतय पिलाताच्या सुभेदारीत (इ.स. २६ ते ३६), नासरेथच्या येशूला वल्हांडणाच्या सुमारास वधस्तंभावर दिले गेले. आरोपाची पाटी ‘यहुद्यांचा राजा’ अशी होती, आणि ती खरी असणार, कारण रोमच्या साम्राज्यात जपून वावरणाऱ्या मंडळीने आपल्या प्रभूवर राजद्रोहाचा आरोप स्वतःहून रचला नसता. अथ्रोंगेसचे भाऊ, थुदासचा जमाव, मिसरी संदेष्ट्याचे लोक, सगळे पुढारी गेल्यावर पांगले. येशूचे लोक पांगले नाहीत. तो उठला आहे, असे ते सांगू लागले, आणि त्या अनुभवावर त्यांची निष्ठा किती खोल होती हे त्यांनी पुढे सोसलेल्या छळावरून दिसते. त्या अनुभवाचे स्वरूप काय, हा श्रद्धेचा प्रांत आहे. इतिहासाला दिसते ते असे की उठणे मान्य केले तरी मरणे उरतेच, आणि मेलेला, तोही टांगलेला, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्रानुसार शापित झालेला अभिषिक्त कुणाच्याच चित्रात नव्हता. प्रेषित पौल स्वतः लिहितो की यहुद्यांना ही अडखळण आहे. आणि तो स्वतः परुशी यहुदी होता, ती अडखळण त्याने आतून ओळखली होती. म्हणून शास्त्र पुन्हा वाचावे लागले. यशयातला दुःख सोसणारा सेवक, स्तोत्रांतला टाकून दिलेला नीतिमान, दानीएलाचा मानवपुत्र, हे तोवर वेगवेगळे असलेले धागे एका माणसाभोवती विणले गेले. पौलाच्या पत्रांत ‘ख्रिस्त’ हा शब्द अडीचशेहून अधिक वेळा येतो आणि तो जवळजवळ विशेषनाम झालेला आहे. म्हणजे वीस-पंचवीस वर्षांत हे काम किती पुढे गेले होते ते कळते.

पण ख्रिस्ती लोकांनी राजाची आशा सोडून दिली, असे समजणे चूक होईल. राहिलेले काम त्यांनी पुढच्या येण्यावर ठेवले. थेस्सलनीकाकरांस लिहिलेले पहिले पत्र इ.स. ५० च्या सुमाराचे, आणि त्यातली चिंता हीच आहे की प्रभू येण्याआधी आपली माणसे मरू लागली, त्यांचे काय? प्रकटीकरणातला पांढऱ्या घोड्यावरचा योद्धा, रोमचा बाबेल म्हणून केलेला धिक्कार आणि हजार वर्षांचे राज्य ही चित्रे कुठल्याही यहुदी बंडखोराला ओळखीची वाटली असती. एक बाजू तलवारीची आणि दुसरी प्रेमाची, अशी वाटणी इथे टिकत नाही.

इ.स. ६६ ते ७० च्या युद्धाचे वर्णन अनेकांनी केले आहे. मी दोन प्रसंग आणि एक पुरावा तेवढा घेतो. यहूदा गालीलीच्या वंशातला मनाहेम मसादा किल्ल्याच्या शस्त्रागारातून हत्यारे घेऊन राजासारखा यरुशलेमात शिरला, राजवस्त्रे घालून मंदिरात आला, आणि त्याच्याच बाजूच्या लोकांनी त्याला मारले. शेवटी, मंदिर जळून राख झाल्यावर, शिमोन बार गिओरा पांढरा अंगरखा आणि जांभळा झगा घालून, जिथे मंदिर होते त्याच जागी जमिनीतून वर आला. रोमन सैनिक क्षणभर थबकले. मग त्याला पकडून रोमला नेले आणि विजयाच्या मिरवणुकीअखेर ठार केले. आता पुरावा: बंडखोरांनी पाडलेली नाणी. त्यांवर ‘इस्राएलाचा शेकेल’, ‘पवित्र यरुशलेम’ अशी अक्षरे आहेत, चौथ्या वर्षी ‘सियोनाच्या उद्धारासाठी’ अशीही; पण एकाही पुढाऱ्याचे नाव नाही. मंदिर उभे होते तोवर आशेचे केंद्र मंदिर होते, माणूस नव्हता. ज्यांनी राजवस्त्रे घातली त्यांना त्यांच्याच शहराने राजा मानले नाही.

मंदिर पडल्यावर दोन्ही समाजांत एकाच वेळी लेखणी हाती घेतली गेली, आणि मला या सगळ्या इतिहासात हीच जागा सर्वांत हृदयाला भिडणारी वाटते. एज्राच्या नावावर लिहिणाऱ्या एका यहुदी लेखकाने देवालाच जाब विचारला, की बाबेल आमच्याहून नीतिमान आहे का? त्याच्या दृष्टान्तात रोमचा गरुड आहे आणि त्याला गर्जून दोषी ठरवणारा सिंह मसीहा आहे. पण त्याच ग्रंथात दुसरीकडे मसीहा चारशे वर्षे राहतो आणि मग मरतो. त्याच्यासोबत सगळी माणसे मरतात, सात दिवस जग मुके राहते, आणि मग न्याय. मरणारा मसीहा कुठल्याही यहुद्याला सुचणे अशक्य, असे म्हणणाऱ्यांनी हे पान वाचावे. त्याच काळात मार्काच्या शुभवर्तमानात, मंदिराच्या नाशाच्या छायेत, इशारा आहे की मीच तो असे म्हणत पुष्कळ येतील, सावध राहा. राख एकच होती. तिच्यापुढे बसून एक म्हणत होता की अजून यायचा आहे, दुसरा म्हणत होता की येऊन गेला आणि पुन्हा येणार आहे, आणि दोघेही खोट्या घाईपासून आपल्या लोकांना वाचवू पाहत होते.

साठ वर्षांनी घाई झालीच. सम्राट हाद्रियनने यरुशलेमच्या जागी एलिया कापितोलिना नावाचे रोमन नगर वसवायचे ठरवले आणि इ.स. १३२ मध्ये शिमोन बार कोसिबा याच्या हाताखाली उठाव झाला. रब्बी अकिवा हा त्या पिढीतला सर्वांत मान्यवर विद्वान. याकोबातून तारा निघेल, या गणनेच्या पुस्तकातल्या वचनाचा रोख त्याने शिमोनाकडे वळवला; कोसिबाचा कोखबा, म्हणजे ताऱ्याचा पुत्र, झाला. योहानान बेन तोर्ता या दुसऱ्या रब्बीने त्याला सुनावले की तुझ्या जबड्यांवर गवत उगवेल तरी दावीदाचा पुत्र आलेला नसेल. नाण्यांवर आता माणसाचे नाव आले: ‘शिमोन, इस्राएलाचा अधिपती’, ‘इस्राएलाच्या उद्धाराचे पहिले वर्ष’. ही अक्षरे रोमन नाणी कानशीने घासून, सम्राटाच्या चेहऱ्यावरच ठोकलेली आहेत. मंदिर राहिले नव्हते. त्याचे चित्र नाण्यावर आले आणि त्याच्या शेजारी राजाचे नाव. पहिल्या युद्धाच्या नाण्यांशी हा फरक ताडून पाहिला की साठ वर्षांत आशा कुठून कुठे सरकली ते हातावर ठेवल्यासारखे दिसते.

यहूदियाच्या वाळवंटातल्या गुहांमध्ये १९५० नंतरच्या दशकात आणि मग १९६०-६१ मध्ये यिगाएल यादीन यांच्या शोधमोहिमेत या शिमोनाची खुद्द पत्रे सापडली. त्यांत चमत्कार नाहीत, युगान्त नाही. एका अधिकाऱ्याला, हुकूम मोडलास तर पायात बेड्या घालीन, अशी धमकी आहे. एन-गेदीच्या लोकांवर राग आहे की तुम्ही खाता-पिता आणि भावांची फिकीर करत नाही. आणि एक पत्र असे आहे की दोन गाढवे पाठवतो आहे, त्यांवरून खजुराच्या झावळ्या आणि तुरंजी फळे छावणीत आणवून घे, मेंदी आणि वाळुंजाच्या फांद्या तुझ्याकडून जोड, त्यांचा दशांश काढ. मंडपांचा सण तोंडावर होता. साम्राज्याच्या फौजा चालून येत असताना हा माणूस सैनिकांच्या हाती सणाच्या डहाळ्या पडाव्यात म्हणून धडपडत होता. कोणी म्हणतात की या पत्रांत तो स्वतःला मसीहा म्हणत नाही, तेव्हा ती नंतरची दंतकथा. पण ‘अधिपती’ हाच शब्द यहेज्केलाच्या ग्रंथात भावी दावीदासाठी आहे. शिवाय युद्धानंतर वीसेक वर्षांत लिहिणारा ख्रिस्ती लेखक जस्टिन त्याला बार कोखबा या ताऱ्याच्या नावानेच ओळखतो. रब्बींच्या परंपरेने मात्र पराभवानंतर ते नाव टाकून ‘कोजिबा’, म्हणजे लबाडीचा पुत्र, हे नाव ठेवले. तारा त्याच्या हयातीतच उगवला होता. हाद्रियनने ब्रिटनहून आपला सर्वोत्तम सेनापती ज्युलियस सेवेरुस याला बोलावले, इ.स. १३५ मध्ये बंडखोरांचा शेवटचा गड बेतार पडला. कॅशियस डिओ पाडलेली गावे ९८५ आणि लढाईत मेलेले ५,८०,००० सांगतो. आकडा फुगवलेला असेल, पण उत्खननात दिसणारी ओसाडी त्याला फार खोटे पाडत नाही. प्रांताचे यहूदिया हे नाव पुसून सिरिया पॅलेस्टिना केले गेले.

जस्टिन हा शेखेमजवळच्या नगरातला, म्हणजे त्याच भूमीचा माणूस. तो सांगतो की बार कोखबाने येशूला न नाकारणाऱ्या ख्रिस्ती लोकांना कठोर शिक्षा केल्या. ते सांगण्यात वैर असेल, पण एक अटळ सत्यही आहे: जिवंत राजा निष्ठा मागत असताना दुसऱ्या राजाला आधीच शब्द दिलेल्या यहुदी ख्रिस्ती माणसाला उभे राहायला जागा उरली नाही. तोवर यरुशलेमच्या मंडळीचे सगळे बिशप सुंता झालेले होते, युसेबियस त्यांची संख्या पंधरा देतो. युद्धानंतर यहुद्यांना त्या नगरात पाय ठेवायला बंदी झाली आणि पुढचा बिशप मार्कस विदेशी होता. यावर शेवटचा आक्षेप असा की दोन धर्म वेगळे झाले ते येशूच्या देवत्वावरून आणि नियमशास्त्रावरून, या युद्धाला इतके महत्त्व देऊ नये. ते वाद खरे आणि खोल होते. तरी अकिवाकडे पाहा. त्याने मसीहा ओळखण्यात चूक केली, लाखोंचा जीव गेला, आणि तरीही यहुदी परंपरेने त्याला आपल्या सर्वश्रेष्ठ गुरूंमध्ये ठेवले. मसीहा चुकीचा ओळखणे हे त्या परंपरेत बहिष्काराचे कारण नव्हते. म्हणजे येशूला मसीहा मानल्यानेच ख्रिस्ती यहुदी परके झाले, असे म्हणता येत नाही. त्यांना परके केले ते बहुसंख्य होत गेलेल्या विदेशी ख्रिस्ती लोकांनी, यहुदी कोण हे कराच्या नोंदींतून ठरवणाऱ्या रोमने, आणि दोन राजांमध्ये निवड करायला लावणाऱ्या त्या साडेतीन वर्षांनी.

त्यानंतर यहुदी विद्वानांनी आशा सोडली नाही, तिला लगाम घातला. इ.स. २०० च्या सुमारास पुरा झालेला मिश्ना हा त्यांच्या धर्मजीवनाचा पाया; शेतीपासून मंदिराच्या विधींपर्यंत सगळे त्यात आहे, मसीहाचा उल्लेख मात्र जवळजवळ नाही. योहानान बेन झक्काईच्या नावावर सांगतात की हातात रोप असताना मसीहा आल्याची वार्ता आली, तर आधी रोप लावून घ्या. मसीहाच्या आधी एलीया येऊन त्याला अभिषेक करील, तोवर तो स्वतःलाही ओळखणार नाही, असे जस्टिनच्या संवादातला यहुदी त्रिफो म्हणतो. त्या एलीयाची वाट पाहणे कोकणातल्या बेने इस्राएलांनी आजवर जपले आहे, ते एलियाहू हन्नावीच्या नावाने मलिदा करतात. तालमुदात एक गोष्ट आहे: मसीहा एका पाठानुसार रोमच्या वेशीशी रोग्यांमध्ये बसलेला आहे. बाकीचे रोगी सगळ्या जखमांच्या पट्ट्या एकदम सोडून पुन्हा बांधतात. तो एकेक जखम सोडतो आणि बांधतो, कारण हाक आली तर उशीर व्हायला नको. दुःख सोसणारा मसीहा ही ख्रिस्ती लोकांचीच कल्पना, असे म्हणणाऱ्यांसाठी तो अजून तिथे बसलेला आहे.

घट्टे पडलेल्या हातांची हकिगत ज्याने जपली त्या युसेबियसने ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टन्टाइन पाहिला. इ.स. ३२५ मध्ये सम्राटाने बिशपांना मेजवानी दिली. नागव्या तलवारी घेतलेल्या पहारेकऱ्यांमधून ते निर्भयपणे महालात गेले, आणि हे ख्रिस्ताच्या राज्याचेच चित्र आहे असे वाटावे, असे त्याने लिहिले. आठ वर्षांनी, इ.स. ३३३ मध्ये, बोर्दोहून आलेला एक ख्रिस्ती यात्रेकरू यरुशलेमच्या मंदिराच्या उजाड चौथऱ्यावर चढला. तिथे हाद्रियनचे पुतळे होते आणि त्यांच्यापासून जवळच एक छिद्र असलेला दगड. त्याने लिहून ठेवले आहे की यहुदी दरवर्षी त्या दगडापाशी येतात, त्याला तेलाचा अभिषेक करतात, कण्हत विलाप करतात, अंगावरची वस्त्रे फाडतात आणि परत जातात.